नणंद सही का करेल?

पत्र

मी मूळची मुळशीकडची. लग्न झाल्यापासून कोलोराडोत, राउट काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) सासरच्या रँचवर राहते. यांपा नदीच्या खोऱ्यात आमची चौदाशे एकर जमीन आहे, वर जंगलखात्याच्या कुरणाचा परवाना आहे आणि तीनशेच्या आसपास गाई. सासऱ्यांच्या आजोबांपासून हे चालत आलंय. सासरे ७९ वर्षांचे आहेत, सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. शेजारची रँच विकली गेली आणि तिचे पस्तीस-पस्तीस एकरांचे तुकडे पडले. आता तोच बिल्डर आमच्या दारात आहे. त्याचा आकडा ऐकून नवरा दोन दिवस गप्प होता.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणात सासरे म्हणाले, "ही जमीन कधीच विकायची नाही, विषय संपला." नणंद डेन्व्हरला शिक्षिका आहे. तिने काटा खाली ठेवला आणि विचारलं, "मग माझं काय?" तेव्हापासून तिचा फोन नाही.

माहेरी मी आणि बहिणीने एक शब्द न बोलता भावाला हक्कसोडपत्र करून दिलं. चार वर्षांत त्याने जमीन विकली. आज तिथे टॉवर आहेत. इथे मला ते होऊ द्यायचं नाही. नवरा भिडस्त आहे. मी सून, त्यात परकी. मी बोलू का? नणंदेला कसं पटवू, की सही करून मोकळी हो? आणि आमचा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, मला गुरं नकोत. मग हे सगळं कशासाठी?

— वरच्या खोऱ्यातली सून

उत्तर

ताई, तुम्हाला आवडणार नाही, पण तुमच्या पत्रातला सगळ्यात रास्त प्रश्न नणंदेने विचारला आहे. त्या घरात तो कुणीतरी खूप आधी मोठ्याने विचारायला हवा होता. तिला सहीसाठी कसं पटवू, असं तुम्ही विचारता. पटवू नका. तिला काय द्यायचं ते आधी ठरवा, सहीचं मग बघता येईल.

माहेरी तुम्ही सही का केलीत, ते पत्रात नाही, पण अंदाज येतो. भावाची ओढाताण, आईची नजर, आणि 'मागितलं की माहेर तुटतं' हे लहानपणापासून कानावर पडलेलं. २००५ पासून कायद्याने मुलगी मुलाइतकीच हक्कदार आहे, तरी आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रं घेऊन आलेल्या बहिणींची रांग संपत नाही. पण एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे असं वाटतं. तुमच्या सहीने जमीन वाचली नाही. उलट तिघांच्या सह्या लागणारा व्यवहार एकट्याच्या सहीवर आला, आणि घेणाऱ्याचं काम सोपं झालं. आता तेच हत्यार तुम्ही सासरी वापरायला निघाला आहात. तुमचा नवरा तुमच्या भावासारखा नाही, मान्य. पण तो उद्या आजारी पडला, कर्जात गेला, तर? बहिणीला बाजूला काढून वाचवलेली जमीन एका माणसाच्या तब्येतीवर आणि मूडवर टांगलेली राहते.

आता तुमच्या खोऱ्याचं गणित. तुम्ही ते रोज जगता, पण इतर वाचकांसाठी थोडं सांगते, म्हणजे बिल्डरला नेमकं काय हवंय ते कळेल.

पश्चिम अमेरिकेच्या डोंगराळ भागात रँच म्हणजे स्वतःच्या मालकीचा एकच मोठा तुकडा, असं सहसा नसतं. उन्हाळ्यात गुरं वर सरकारी जंगलात चरतात, परवान्यावर. त्याचं भाडं नाममात्र असतं. २०१९ ते २०२५ ही सगळी वर्षं ते गाय-वासराच्या जोडीमागे महिन्याला १.३५ डॉलर होतं, तेवढ्यात धड कॉफीसुद्धा येत नाही. पण परवान्यासाठी खाली स्वतःची जमीन असावी लागते. याच खालच्या जमिनीत, नदीकाठच्या ओल्या कुरणात, मे महिन्यात पाटाचं पाणी फिरवायचं, जुलै-ऑगस्टमध्ये गवत कापायचं, वाळवायचं, गठ्ठे बांधायचे. मग बर्फ पडल्यावर ते रोज टाकायचं. एका गाईला दिवसाला दहा-बारा किलो सुकं गवत लागतं. तीनशे गाई आणि सहा महिन्यांचा हिवाळा धरला तर सहाशे टनांच्या घरात आकडा जातो. एवढं गवत दरवर्षी विकत घेऊन कुणाचीही रँच चालत नाही.

बिल्डरला डोंगर नकोच असतो. त्याला हवं असतं हेच सपाट, पाण्याजवळचं, रस्त्याला लागून असलेलं आणि समोर स्कीचा उतार दिसणारं कुरण. ते गेलं की वरचा परवाना कागदावर राहतो आणि गुरं बाजाराला जातात. म्हणून 'रस्त्याकडची थोडी विकू, बाकीचं चालू ठेवू' हा मधला मार्ग तुमच्या नवऱ्याच्या मनात आला असेल, आणि आला असणारच, तर कुठली थोडी, हे नकाशा पसरून बघा. दगडाळ उताराची पन्नास एकर गेली तर फारसं बिघडत नाही. पाटाखालची पन्नास गेली तर सगळंच बिघडतं.

आणि पस्तीस एकरच का? १९७२ च्या कायद्याने कोलोराडोतल्या काउंट्यांना प्लॉट पाडण्यावर नियम करायला लावले, पण पस्तीस एकर किंवा त्याहून मोठे तुकडे त्यातून वगळले. त्या आकाराच्या तुकड्याला घरगुती विहिरीचा परवानाही सहज मिळतो. म्हणजे तुमचे चौदाशे एकर बिल्डरच्या वहीत चाळीस प्लॉट आहेत, आणि ते पाडायला त्याला मोठी सुनावणी लागत नाही. 'काउंटी होऊच देणार नाही' असं कुणी सासऱ्यांना सांगत असेल तर त्या भरवशावर राहू नका. प्लॉट पडल्यावर येतात ते शेजारी कसे असतात, हे तुम्ही पलीकडच्या कुंपणावर बघतच असाल: फाटक उघडं टाकणारे, कुत्रं मोकळं सोडणारे, पहाटेच्या ट्रॅक्टरची तक्रार करणारे. गुरं आत यायला नको असतील तर कोलोराडोत कुंपण बहुतेक वेळा आपणच घालायचं असतं, हे त्यांना पहिल्यांदा कळतं तेव्हाचा चेहरा मात्र बघण्यासारखा असतो.

यावर जो उपाय आहे त्याचं नाव सासऱ्यांनी नक्की ऐकलं असेल: कॉन्झर्वेशन ईझमेंट. जमीन तुमचीच राहते. विकता येते, वारशाने देता येते, गहाण ठेवता येते, त्यावर गुरं पाळता येतात. फक्त तिचे तुकडे करून घरं बांधायचा हक्क कायमचा सोडायचा, आणि तो कोणी वापरत नाही ना यावर एक लँड ट्रस्ट, म्हणजे जमीन राखण्याचं काम करणारी संस्था, नजर ठेवतो. त्यांचा माणूस वर्षातून एकदा येऊन बघून जातो. एखाद-दुसऱ्या घरासाठी जागा आधीच राखून ठेवता येते. लोकांना आत सोडावं लागत नाही. ही भीती रँचवाल्यांना फार असते, आणि ती बिनबुडाची आहे.

तुमच्याच काउंटीत याचा जुना दाखला आहे. जॉन फेचर १९४९ मध्ये पूर्वेकडून येऊन एल्क नदीच्या खोऱ्यात रँचवाले झाले, आणि पुढे तिथल्या स्टीमबोट गावाचं स्की-केंद्र उभं करणाऱ्यांमध्येही होते. म्हणजे ज्या गोष्टीने खोऱ्यातल्या जमिनीचे भाव आभाळाला भिडवले तिच्यात त्यांचाही हात होता. त्यांचे चिरंजीव जे फेचर यांनी कोलोराडो कॅटलमेन्स ॲग्रिकल्चरल लँड ट्रस्ट १९९५ मध्ये उभा करण्यात पुढाकार घेतला. शहरातल्या पर्यावरणवाल्यांकडे संशयाने बघणाऱ्या गुराख्यांना त्यांच्याच संघटनेची संस्था मिळाली, हे त्यातलं मोठं काम. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, राउट काउंटीच्या मतदारांनी रँचवाल्यांकडून असे विकासहक्क विकत घेण्यासाठी स्वतःवर मालमत्ता कर लावून घेतला. हे तुम्ही सासऱ्यांना सांगायची गरज नाही, ते तुम्हाला सांगतील. विचारून तर बघा.

पैसे कसे मिळतात? मूल्यमापक दोन किमती काढतो: प्लॉट पाडता आले तर जमिनीची किती, आणि फक्त गुरांसाठी राहिली तर किती. दोन्हींतला फरक म्हणजे ईझमेंटची किंमत. रिसॉर्टच्या गावाजवळ हा फरक मूळ किमतीच्या निम्म्याहूनही जास्त निघू शकतो. या फरकाच्या निम्म्यापर्यंत रक्कम केंद्र सरकारच्या शेतजमीन-ईझमेंट योजनेतून मिळू शकते, विशेष महत्त्वाच्या गवताळ जमिनींना पाऊण हिश्शापर्यंत. काउंटी, किंवा 'ग्रेट आउटडोअर्स कोलोराडो' ही राज्याच्या लॉटरीतून पैसे मिळणारी संस्था, त्यात भर घालू शकतात. जी रक्कम मिळत नाही ती दान धरली जाते. ज्याचं निम्म्याहून जास्त उत्पन्न शेतीचं आहे त्याला या दानाची वजावट केंद्राच्या आयकरात संपूर्ण उत्पन्नाइतकी घेता येते, आणि उरली तर पुढची पंधरा वर्षं ओढता येते. कोलोराडोची स्वतःची करसवलत वेगळी, आणि ती दुसऱ्या करदात्याला विकून रोख करता येते. मात्र हक्क विकून जे पैसे हातात येतात त्यावर भांडवली नफ्याचा कर बसू शकतो. तो धरूनच हिशेब मांडा. आणि हे सगळं जुळून यायला दोन-तीन वर्षं सहज जातात. ७९ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत ती वर्षं गृहीत धरू नका.

मी आयुष्यभर लोकांचे कराचे कागद भरले आहेत, म्हणून एक सावधगिरीची गोष्ट. कोलोराडोत मागे फुगवलेल्या मूल्यमापनांवर करसवलती दिल्या गेल्या, आणि नंतर राज्याने त्यातल्या कितीतरी नाकारल्या. जमिनीचे हक्क कायमचे गेले, सवलत हातात नाही, वर व्याज आणि दंड, अशी काही कुटुंबं झाली. त्यामुळे 'मी तुम्हाला जास्त आकडा काढून देतो' म्हणणारा मूल्यमापक दारातूनच परत पाठवा. जमिनीखालच्या खनिजांचा हक्क कुणाकडे आहे तेही बघा. तुमच्या भागातल्या कित्येक जमिनी १९१६ च्या कायद्याखाली दिल्या गेल्या, आणि त्यांत खनिजं सरकारने स्वतःकडे ठेवली होती. बँकेचं कर्ज असेल तर बँकेने आपला हक्क ईझमेंटनंतरचा धरायला लेखी संमती द्यावी लागते. आणि पाणी. पाण्याचा हक्क जमिनीला बांधून घ्या, नाहीतर कुरण राखलं आणि पाट विकला गेला, असं व्हायचं. कोलोराडोत ज्याने आधी पाणी घेतलं त्याचा नंबर आधी, आणि दहा वर्षं वापरलं नाही तर हक्क सोडून दिला असं धरता येतं. २०१८ मध्ये यांपाच्या मुख्य प्रवाहावर पहिल्यांदा पाण्याची अधिकृत मागणी लागली आणि कमी प्राधान्याच्या हक्कांचं पाणी बंद झालं, तेव्हापासून तुमच्या खोऱ्यातही जुन्या तारखेच्या हक्काला वजन आलंय. ज्या पाटाचं दार सासरे दर मे महिन्यात गमबूट घालून स्वतः उघडतात त्याची नोंदलेली तारीख कोणती, हे तुमच्या नवऱ्याला पाठ असायला हवं.

आता परत नणंदेकडे. ईझमेंट हा तुम्हाला सगळ्यांचा सुटकेचा मार्ग वाटेल, आणि इथेच तिच्यावर अन्याय व्हायची शक्यता सगळ्यात जास्त आहे. ईझमेंट झाल्यावर जमिनीची किंमत उतरते. मग भाऊ म्हणू शकतो, "आता हिची बाजारात एवढीच किंमत, तिचा निम्मा तुझा." तो ज्यावर जगतो ते त्याच्याकडे तसंच राहिलं, वजा झालं ते फक्त तिच्यातून. ती शिक्षिका आहे, तिला वजाबाकी येते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ईझमेंटचे जे रोख पैसे येतील त्यावर पहिला हक्क तिचा. त्यातून नवा बेलर (गवताचे गठ्ठे बांधणारं यंत्र) येऊ नये, गोठ्याचं छप्पर येऊ नये. ते पैसे सासऱ्यांनी हयातीतच तिला द्यावेत, आणि ते कशापोटी दिले हे मृत्युपत्रात लिहावं. राहिलेल्या हिश्श्याचं हप्त्यांनी ठरवता येतं. तिला रस असेल तर राखून ठेवलेल्या घराच्या जागांपैकी एक तिच्या नावावर करता येते. मला वाटतं ती हीच मागेल, पण मी तिला ओळखत नाही. तुम्ही ओळखता, आणि तरी तिला हवं काय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ती विकायला लावेल, हे तुम्ही धरून चालला आहात. तिने तसं म्हटलेलं तुमच्या पत्रात तरी नाही.

भावाचे कष्टही मोजा. त्याने इतकी वर्षं मार्चच्या थंडीत रात्री-अपरात्री उठून वासरं ओढून काढली, तुटपुंज्या पैशांत. तो बाहेर नोकरीला गेला असता तर किती मिळवलं असतं, हा आकडा काढता येतो आणि तो कागदावर यायला हवा. मग हेही लिहा, की तीही त्याच घरात वाढली, गवताच्या हंगामात ट्रक चालवून आणि बादल्या वाहून, आणि तिला त्याचे कुणी पैसे दिले नव्हते. दोघांचे आकडे जुळणार नाहीत, आवाज चढतील. चढू द्या. आकडे समोर असले तर भांडण निदान कशावरून आहे ते तरी कळतं. अनेक राज्यांत शेतकरी कुटुंबांच्या अशा वादांसाठी मध्यस्थीच्या योजना आहेत, आणि कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीचा विस्तार विभाग रँचच्या वारसाहक्कावर माहिती देतो. तिथे फोन करायला लाजू नका.

जमीन दोघांच्या नावावर अर्धी-अर्धी, एवढंच लिहून सासरे गेले तर काय होईल, तेही ऐकून ठेवा. कोणताही एक सहमालक कोर्टात जाऊन वाटणी मागू शकतो, आणि नीट वाटता येत नसेल तर कोर्ट ती विकायला लावू शकतं. नणंद चांगली असली तरी तिचा घटस्फोट, तिची कर्जं, तिची मुलं या सगळ्या गोष्टी तिच्या हातात नाहीत. म्हणून अनेक कुटुंबं दोन कंपन्या करतात, एक जमिनीची आणि एक गुरांची. जमिनीच्या कंपनीत नणंद भागीदार राहू शकते आणि गुरांची कंपनी तिला रीतसर भाडं देते. कुणाला बाहेर पडायचं असेल तर हिस्सा आधी घरच्यांनाच विकायचा, किंमत कशी काढायची आणि किती वर्षांच्या हप्त्यांत द्यायची, हे करारात आधीच लिहिलेलं असतं. हा करार करायला शेतीची कामं करणारा तिथलाच वकील घ्या, डेन्व्हरच्या उंच इमारतीतला नको.

दोन गोष्टी मात्र याच महिन्यात करा.

पहिली: सासूबाई गेल्यावर त्यांचा हिस्सा कुणाच्या नावावर गेला, आणि त्यांच्या वारसा-कराचा फॉर्म भरला होता का, हे बघा. हा कर आता फार थोड्यांना लागतो. २०२६ पासून माणशी दीड कोटी डॉलरपर्यंतची मालमत्ता माफ आहे आणि कोलोराडोचा स्वतःचा असा कर नाही. तरीही स्टीमबोटजवळचे चौदाशे एकर, पाणी आणि गुरं धरून ती रेषा ओलांडणार नाहीत, असं मूल्यमापनाशिवाय मी म्हणणार नाही. सासूबाईंची न वापरलेली माफी सासऱ्यांच्या नावे घेता येते. त्यासाठी एरवी फॉर्म भरायची गरज नसली तरी तो भरावा लागतो, आणि अशा कुटुंबांना मृत्यूपासून पाच वर्षांची मुदत असते. तुमची तीन गेली आहेत.

दुसरी: घाईघाईत जमीन नवऱ्याच्या नावावर करून घेऊ नका. हयातीत दिलेल्या जमिनीबरोबर जुन्या काळची कवडीमोल खरेदीकिंमतही येते, आणि पुढे कधी थोडी जरी विकावी लागली तरी नफा प्रचंड दिसतो. वारशाने आली तर खरेदीकिंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. मृत्युपत्र, ट्रस्ट, कंपनी, काय ते सासऱ्यांनी वकिलाकडे बसून करावं. मुलाच्या नावे साधं डीड करून टाकणं हे सगळ्यात महागडं औदार्य आहे.

बिल्डरकडून 'ऑप्शन' (ठरावीक मुदतीत विकत घ्यायचा हक्क) किंवा 'लेटर ऑफ इंटेंट' (खरेदीच्या इराद्याचं पत्र) असं काही आलं असेल तर त्यावर कुणीही सही करायची नाही. 'नुसती मोजणी करून बघतो' यालाही हो म्हणायचं नाही. त्याचे थोडे पैसे घेतले की इसार घेऊन बसल्यासारखं होतं, आणि वर्षभर दुसऱ्या कुणाशी, लँड ट्रस्टशीसुद्धा, बोलायची चोरी. तो माणूस वाईट नसेल. धंदा करतोय. त्याला नम्रपणे सांगा, वर्षभर उत्तर मिळणार नाही.

तुम्ही बोलावं का? बोलावं, पण सासऱ्यांशी. नणंदेशी नाही. बहिणीला फोन भावाने करायचा. तो भिडस्त असला तरी तेवढं त्यालाच करायला लावा. तुम्ही केलात तर 'वहिनी जमिनीसाठी गोड बोलतेय' एवढंच तिच्या लक्षात राहील. त्याने फक्त एवढं म्हणावं, "तू विचारलंस ते बरोबर होतं. मलाही उत्तर माहीत नाही. पुढच्या आठवड्यात येऊन बसशील का?"

सासऱ्यांशी मात्र तुम्हीच बोला. मुलाला आणि मुलीला जे बोलता येत नाही ते कधीकधी सुनेला बोलता येतं, कारण तिला तिथे लहानपणीचं काही निस्तरायचं नसतं. जेवणाच्या टेबलावर नको. ते पाटावर जातात तेव्हा सोबत जा, फावडं तुमच्या हातात असू द्या. त्यांना वारशाबद्दल, मरणाबद्दल, न्यायाबद्दल काही विचारू नका. विचारा, "तुमच्या मागे हे दार कोणी उघडायचं, आणि ताईंना काय द्यायचं, हे कुठे लिहून ठेवलंय?" ते म्हणतील, सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही म्हणा, मला माहीत नाही. तेवढं पुरे, पुढे गप्प राहा. त्यांना अवघड गेलं तर आठवडाभर बोलणार नाहीत. मग एक दिवस स्वतःच विषय काढतील, बहुतेक ट्रकमध्ये, तुमच्याकडे न बघता.

'चार पिढ्यांपासून ही आमची' असं ते म्हणाले तर वाद घालू नका, पण स्वतःच्या मनाशी एवढं असू द्या, की १८८१ मध्ये इथल्या मूळ रहिवासी यूट लोकांना इथून बळाने युटाहला हलवलं गेलं आणि त्यानंतरच ही खोरी वसाहतींना पुरती मोकळी झाली. जमिनीवरचा हक्क कागदाने मिळतो आणि कागदानेच जातो, हे त्या खोऱ्याला तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांच्याही आधीपासून ठाऊक आहे. म्हणून कागद नीट करा.

राहिला मुलगा. पंधराव्या वर्षी 'मला गुरं नकोत' म्हणणारा मुलगा अगदी ठणठणीत आहे. त्याच्या नकाराने काही ठरत नाही आणि होकारानेही ठरलं नसतं. ईझमेंट त्याला गुरांशी बांधत नाही, बांधते ती जमिनीला. तो इंजिनिअर झाला तर शेजारच्या तरुण रँचवाल्याला कुरण भाड्याने देईल, किंवा विकेल. आणि ज्याला बापजाद्यांची जमीन मिळालेली नाही अशा एखाद्याला ती परवडायची शक्यता थोडी तरी वाढेल, कारण भाव प्लॉटचा नसेल. तुम्हाला हे पटायला जड जाईल, कारण तुम्हाला वारसा म्हणजे घरातलं माणूस हवं आहे. सासऱ्यांनाही तेच हवं आहे. पण ते ओझं मुलाच्या डोक्यावर आत्ताच ठेवलंत तर तो अठराव्या वर्षी जाईल आणि सणालाही येणार नाही.

या जुलैत गवताच्या कामाला त्याला घ्यायचं असेल तर बाहेरच्या पोराला जेवढी मजुरी देता तेवढी त्यालाही द्या, दर शनिवारी, हातात.